लॅपटॉप अचानक ४८ आकडी की मागून राहिला? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

सकाळी लॅपटॉप चालू केला आणि विंडोजच्या जागी निळी स्क्रीन, वर बिटलॉकर रिकव्हरी असं काहीतरी लिहिलेलं, खाली एक लांब डबा आणि त्यात रिकव्हरी की टाका म्हणते. बिटलॉकर म्हणजे ड्राइव्हवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, आणि तुम्ही आयुष्यात कधी ती लावलेली नाही, नावही ऐकलेलं नाही. मग घरात सुरू होते, एक म्हणते हॅक झाला, दुसरा म्हणते व्हायरस आला, आणि एक भाऊ असतोच जो म्हणते काही नाही, बर्डीच्या दुकानात नेऊन दे, फॉरमॅट मारून देतात, तासाभराचं काम आहे. त्या भावाला चहा पाजा, बसवून ठेवा, पण लॅपटॉप त्याच्या हाती देऊ नका. फॉरमॅट मारल्यावर लॅपटॉप नक्की चालू होईल, त्यातले फोटो, टॅलीचा डेटा, पोरीचं प्रोजेक्ट, बाबांच्या पेन्शनचे स्कॅन मात्र कायमचे जातील. आणि बहुतेक वेळा ती की तुमच्याच नावानं कुठंतरी पडलेली असते, फक्त ती कोणत्या अकाउंटला आहे हे घरात कोणालाच माहीत नसते. सगळी खटपट ती शोधण्याची आहे, कॉम्प्युटरचं ज्ञान त्यात फार लागत नाही.

आधी हॅकची भीती काढून टाकू. खंडणीवाला व्हायरस आला की तो पैसे मागतो, कुठं पाठवायचे ते सांगतो, फाइलींची नावं बदलून टाकतो. या निळ्या स्क्रीनवर पैशाचा एक शब्द नसतो, फोन नंबर नसतो, फक्त की मागते आणि एक की आयडी दाखवते. जर स्क्रीनवर पैसे मागितले असतील किंवा कोणाचा ईमेल, फोन नंबर दिसत असेल तर ते प्रकरण वेगळं, त्यासाठी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, हा लेख तुमच्यासाठी नाही. आणि गूगलवर बिटलॉकर हेल्पलाइन असं शोधून जो पहिला नंबर येते त्यावर तर अजिबात फोन करू नका. मायक्रोसॉफ्टचा माणूससुद्धा तुमची की काढून देऊ शकत नाही, तर हा कोण लागून गेला.

हे लागलं कधी आणि कोणी लावलं

बिटलॉकर विंडोज व्हिस्टापासून आहे, पण ते महागड्या व्हर्जनवाल्यांसाठी, विंडोज ८ पासून प्रो आणि त्याच्या वर. होम व्हर्जनला त्याचाच एक साधा भाऊ आहे, त्याचं नाव डिव्हाइस एन्क्रिप्शन, तो विंडोज ८.१ पासून आहे. गंमत अशी की हा भाऊ विचारत नाही. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करून सेटअप करताना विंडोज सी ड्राइव्ह गुपचूप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायला घेते, आणि तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की कुलूप पक्कं होते आणि त्याची की त्या अकाउंटला जाऊन पडते. कुठंही मोठ्या अक्षरात सांगत नाही की बाबा, मी कुलूप लावून राहिलो, चावी इथं ठेवली. आधी यासाठी लॅपटॉपच्या हार्डवेअरच्या अटी जरा कडक होत्या, २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून त्या सैल केल्या, त्यामुळे आता नवीन घेतलेल्या किंवा नव्यानं विंडोज टाकलेल्या जवळपास सगळ्याच मशीनवर हे आपोआप लागते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, लोकांनी धडाधड नवे लॅपटॉप घेतले, म्हणजे आता अशा घरांची काही कमी नाही.

विंडोज १० वरून अपडेट करत करत ११ वर आला असाल तर नुसत्या अपडेटनं हे लागत नाही. पण दुकानदारानं नव्यानं विंडोज टाकून दिली असेल तर लागलं असण्याची शक्यता धरा.

मग इतके दिवस की न मागता आज काहून मागितली? लॅपटॉपच्या आत टीपीएम नावाची एक चिप असते, किंवा प्रोसेसरमध्येच तिचं काम होते, कुलपाची खरी चावी ती सांभाळते. ही चिप सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखी, रोजचा चेहरा दिसला की न विचारता गेट उघडते, चेहऱ्यात काही बदल दिसला की म्हणते ओळखपत्र दाखव. चेहरा म्हणजे इथं बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं लॅपटॉपचं स्वतःचं सॉफ्टवेअर), सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी त्यातली सेटिंग), बूट म्हणजे चालू होण्याची पद्धत. बायोस अपडेट झाला, रिपेअरवाल्यानं बायोसच्या सेटिंग डिफॉल्ट करून टाकल्या, सिक्युअर बूट बंद झाला, मदरबोर्ड बदलला, कोणी टीपीएम क्लिअर केला, की चिप अडून बसते. कधी कधी तुम्ही काहीच केलेलं नसते आणि विंडोजचं अपडेटच गडबड करते. जुलै २०२४ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर बऱ्याच मशीन अशा निळ्या स्क्रीनवर अडकल्या होत्या, मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलं. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही मशीनवर पुन्हा तसंच झालं. म्हणून पोराला रागावू नका, गेम टाकल्यानं हे होत नाही.

की शोधायच्या आधी दोन मिनिटांचं काम

लॅपटॉपला लावलेलं सगळं काढा, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डॉक, काही लावलं असेल ते. बंद करून परत चालू करा. पेन ड्राइव्हवरून बूट व्हायचा प्रयत्न झाल्यामुळे स्क्रीन आली असेल तर इतक्यातच काम होऊन जाते.

मग आठवा की कालपरवा लॅपटॉपला कोणाचा हात लागला होता. रिपेअरला दिला होता का, रॅम टाकली का, पोट्ट्यानं उबंटू, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी लिनक्सवाली सिस्टीम, टाकायला म्हणून बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केला का. जे बदललं ते होतं तसं केलं की चिपला जुना चेहरा दिसते आणि की न मागता विंडोज उघडते. सिक्युअर बूट बंद केला असेल तर चालू करून पाहा. बायोसमध्ये जायला लॅपटॉप चालू होताना एफ२ किंवा डिलीट किंवा एफ१०, कंपनीप्रमाणे बटन वेगळं. पण तिथं गेल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, टीपीएम क्लिअर किंवा सिक्युरिटी चिप रीसेट असा ऑप्शन दिसला तर त्याला हात लावायचा नाही, चिपमधली चावी पुसली गेली की मग फक्त त्या ४८ आकड्यांवरच सगळं येऊन पडते. सगळंच ट्राय करून पाहू, हा इथला मोठा रोग आहे, एकेक सेटिंग बदला आणि काय बदललं त्याचा मोबाइलनं फोटो काढत जा.

आता की कुठं असते

स्क्रीनचा फोटो काढा, पूर्ण, हलू न देता. त्यात की आयडी असते, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून, तिची पहिली ८ अक्षरं आपल्याला लागणार. आयडी म्हणजे की नव्हे, लोक तीच डब्यात टाकत बसतात. नव्या विंडोजमध्ये, म्हणजे २४एच२ पासून, की कोणत्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आहे त्याचा अर्धवट इशाराही स्क्रीनवर येते, ईमेलची सुरुवातीची अक्षरं आणि पुढं चांदण्या. दिसत असेल तर अर्धं काम झालं.

मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी (aka.ms/myrecoverykey) टाका, सगळं इंग्रजीत, स्मॉल अक्षरात, मध्ये जागा न सोडता. तो तुम्हाला मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटच्या पानावर नेते, तिथं साइन इन केलं की डिव्हाइसची नावं, की आयडी, की आणि ती कधी चढवली ती तारीख अशी यादी दिसते. स्क्रीनवरची आयडी आणि यादीतली आयडी जुळली की झालं. यादीत दोन-तीन की असू शकतात, जुन्या लॅपटॉपच्या, आधी एकदा विंडोज टाकली होती तेव्हाच्या. नाव पाहून घेऊ नका, आयडीच जुळवा, कारण डेस्कटॉप आणि पुढं काहीतरी अक्षरं अशी नावं सगळ्यांचीच असतात.

हे सोपं झालं. अवघड भाग असा की कोणतं अकाउंट? घरोघरी इथंच गाडी अडते. आपल्याकडं लॅपटॉप घेतला की दुकानातला पोरगाच काउंटरवर सगळं सेटअप करून देते, आपण फक्त वायफायचा पासवर्ड आणि नाव सांगतो. तो घाईत एक नवं आउटलुकचं अकाउंट बनवते, किंवा तुमच्या मोबाइल नंबरवरच बनवते, एक ओटीपी येते तो आपण त्याला वाचून दाखवतो आणि विसरतो. त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंकडं हेच झालं. हिंजच्या दुरुस्तीहून लॅपटॉप आला आणि निळी स्क्रीन. काकूंचं म्हणणं, आमचं काही मायक्रोसॉफ्ट बिक्रोसॉफ्ट अकाउंट नाही, काकांचं म्हणणं, माझं फक्त जीमेल आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइन इनच्या पानावर युजरनेम विसरलो असा ऑप्शन असतो, तिथं काकांचा मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, आणि त्या नंबरवर एक आउटलुक आयडी निघाला, काकांचं नाव, आडनाव आणि पुढं काहीच संबंध नसलेला चार आकडी नंबर. काका म्हणाले हे कोण? मग पासवर्डही तसाच ओटीपीनं बदलला, आत गेलो, तर यादीत की हजर.

म्हणून अकाउंट शोधताना घरातले सगळे मोबाइल नंबर घ्या, लॅपटॉप घेतला तेव्हा जे चालू होते ते, आजचे नव्हे. सगळे जीमेलही टाकून पाहा, कारण मायक्रोसॉफ्ट अकाउंट जीमेलच्या आयडीवरही बनते, लोकांना वाटते आउटलुक नाही म्हणजे मायक्रोसॉफ्टचं काही नाही. पोट्ट्यानं माइनक्राफ्ट किंवा एक्सबॉक्ससाठी बनवलेलं अकाउंट, जुनं हॉटमेल, स्काइपसाठी बनवलेलं, जावयानं अमेरिकेतून आल्यावर सेटअप करून दिला असेल तर जावयाचं. लॅपटॉपवर एकाहून जास्त लोकांचे लॉगिन असतील तर ज्याचं ॲडमिन लॉगिन पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टशी जोडलं गेलं त्याच्याकडं की असण्याची शक्यता जास्त.

अकाउंट दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर असेल तर? असंही होते, एकाच आयडीनं दहा गिऱ्हाइकांचे लॅपटॉप सेटअप केलेले असतात. जा, बिल घेऊन जा, भांडण न करता की आयडीची पहिली ८ अक्षरं दाखवा आणि म्हणा भाऊ, तुमच्या अकाउंटमध्ये ही आयडी पाहून द्या. त्याला काही शोधायचं नाही, मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला की मी नाही केलं, तरी एकदा पाहायला लावा.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या आयडीनं साइन इन केलेलं असेल तर की घरच्या अकाउंटला नसते, ती त्या संस्थेकडं असते. मायअकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम वर त्याच आयडीनं आत जाऊन डिव्हाइसेसमध्ये आपला लॅपटॉप उघडला की बिटलॉकर की पाहण्याचं बटन मिळू शकते, नाही तर आयटीवाल्याला फोन. इंजिनीअरिंगची पोरं ऑफिस फुकट मिळते म्हणून कॉलेजचा आयडी टाकतात आणि तेव्हा ही संस्था माझं डिव्हाइस सांभाळेल वगैरे जो प्रश्न येते त्याला न वाचता हो म्हणतात. पास होऊन आयडी बंद झाला की मग धावपळ. अजून कॉलेजात आहात तर आजच पाहून घ्या.

अकाउंट सापडलं पण जुना नंबर बंद झाला, ओटीपी येत नाही, अशा वेळी मायक्रोसॉफ्टचा अकाउंट रिकव्हरीचा फॉर्म असतो, त्यात जुने पासवर्ड, जन्मतारीख, कोणाला मेल पाठवले होते असं विचारतात, खरं खरं आणि जितकं आठवेल तितकं भरा, उत्तर साधारण २४ तासांत येते. सिक्युरिटीची सगळी माहिती बदलावी लागली तर ३० दिवस थांबावं लागते, त्याला इलाज नाही, पण ३० दिवस थांबणं म्हणजे डेटा जाणं नव्हे. लॅपटॉप कपाटात ठेवून द्या, कोणाला देऊ नका.

अजून एक, की कागदावर किंवा फाइलमध्येही असू शकते. प्रो व्हर्जनवर कोणी हातानं बिटलॉकर लावलं असेल तर त्या वेळी की पेन ड्राइव्हवर सेव्ह करा किंवा प्रिंट काढा असं विचारते. घरातले जुने पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बिटलॉकर रिकव्हरी की या नावाची टेक्स्ट फाइल आहे का शोधा. लॅपटॉपच्या डब्यातल्या कागदांतही एकदा नजर टाका, कंपनीनं छापलेली की मिळत नाही, पण सेटअप करणाऱ्यानं आयडी-पासवर्ड वॉरंटी कार्डावर पेननं लिहून ठेवलेला असतो बरेचदा.

आकडे टाकताना

की म्हणजे ८ गट, दर गटात ६ आकडे, असे ४८. वरच्या ओळीतल्या आकड्यांनीच टाका, मधले डॅश आपोआप येतात. आकड्यांची बटनं बिघडली असतील तर एफ१ ते एफ९ म्हणजे १ ते ९ आणि एफ१० म्हणजे शून्य, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

एक कामाची गोष्ट. या कीचा प्रत्येक ६ आकडी गट ११ नं पूर्ण भागला जातो, ते तसंच बनवलेलं असते, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर ती कोणत्या गटात आहे ते तिथल्या तिथं पकडता येते. काकूंच्या लॅपटॉपची की त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर वाचून दाखवत होता, लाइन खरखरत होती, कूलरचा आवाज वेगळा, सदतीस ऐकलं की सत्तावीस हेच कळेना. अशा वेळी मोबाइलचा कॅल्क्युलेटर घ्या आणि गटाला ११ नं भागा. समजा गट १३५७९५ आहे, भागलं तर १२३४५ येते, पूर्ण, म्हणजे गट बरोबर असावा. उत्तरात पॉइंट आला की तो गट नक्की चुकला, परत विचारा. कागदावर पाण्याचा डाग पडून एखादा आकडा पुसला असेल तर ० ते ९ टाकून पाहा, ११ नं भागला जाणारा त्यातला जास्तीत जास्त एकच निघते. एका गटात दोन आकडे गेले असतील तरी फार तर नऊ-दहा शक्यता उरतात, त्या एकेक करून टाकून पाहता येतात. आठच्या आठ गट गेले असतील तर मात्र हे गणित काही कामाचं नाही, कोणी हॅकर बिकर म्हणत असेल की मी तोडून देतो तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

उघडला, आता लगेच काय

की बरोबर असेल तर विंडोज नेहमीसारखी उघडते, काही पुसलं जात नाही. आनंदाच्या भरात लगेच बंद करून ठेवू नका. आधी महत्त्वाचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, कारण ज्या कारणानं स्क्रीन आली ते कारण अजून आतच असू शकते आणि उद्या परत येऊ शकते.

दरवेळी चालू करताना की मागत असेल तर चिपला नवा चेहरा ओळखीचा करून द्यावा लागते. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर घ्या. काळ्या खिडकीत मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: (manage-bde -protectors -disable c:) असं टाका. हे सगळं इंग्रजीत, मॅनेज नंतर चिकटून हायफन, चिकटून बीडीई, मग एक जागा सोडून हायफनसकट प्रोटेक्टर्स, परत जागा, हायफनसकट डिसेबल, परत जागा, सी आणि कोलन. मग एकदा रीस्टार्ट करा आणि डिसेबलच्या जागी इनेबल टाकून तीच कमांड परत चालवा. डिसेबल केल्यानं डेटा उलगडत नाही, कुलूप फक्त थोडा वेळ लटकतं ठेवल्यासारखं होते, त्यामुळे इनेबल करायला विसरू नका. हे टायपिंग जमत नसेल तर सेटिंगमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून, सगळं उलगडल्यावर परत चालू करा, वेळ जास्त लागते पण काम तेच होते.

ज्यांना अजून स्क्रीन आली नाही

खरं तर हा भाग सगळ्यात आधी वाचायला पाहिजे, पण निळी स्क्रीन आल्याशिवाय असलं कोणी वाचत नाही. सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसते का पाहा. ऑन असेल तर कुलूप लागलेलं आहे. दिस पीसी उघडल्यावर सी ड्राइव्हच्या चित्रावर छोटं कुलूप दिसते तेही तेच सांगते. पक्कं पाहायचं तर ॲडमिनच्या काळ्या खिडकीत मॅनेज-बीडीई -स्टेटस टाका, एन्क्रिप्टेड किती टक्के आणि प्रोटेक्शन ऑन की ऑफ ते येते. एन्क्रिप्टेड १०० टक्के पण प्रोटेक्शन ऑफ असं दिसलं तर घाबरू नका, याचा अर्थ बहुतेक लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टशी न जोडलेल्या, अकाउंटनं वापरता आहात, ड्राइव्ह तयार ठेवला आहे पण चावी तिथंच उघड्यावर आहे, ज्या दिवशी कोणी मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडेल त्या दिवशी कुलूप पक्कं होईल.

ऑन असेल तर की आत्ता काढून घ्या. त्याच खिडकीत मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी: टाकलं की न्यूमेरिकल पासवर्ड या शब्दाखाली एक आयडी आणि ४८ आकडे येतात. स्क्रीनचा मोबाइलनं फोटो काढा आणि कागदावरही लिहा, आयडीची पहिली ८ अक्षरं, लॅपटॉपचं मॉडेल, तारीख, आणि ज्या अकाउंटला की आहे त्याचा ईमेल. कागद घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. बॅगच चोरीला गेली तर चोराला कुलूप आणि चावी दोन्ही एकत्र मिळते. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर की सेव्ह करून ठेवणारेही महाभाग पाहिलेत.

ज्या अकाउंटला की आहे त्यात वर्षातून एकदा तरी साइन इन करा. मायक्रोसॉफ्टचा नियम आहे की २ वर्षांत एकदाही साइन इन नाही झालं तर अकाउंट बंद होऊ शकते. मोबाइल नंबर पोर्ट करताना नाही, पण नंबर सोडून देताना आठवणीनं अकाउंटमध्ये नवा नंबर टाका. वेबसाइटवरून जुनी डिव्हाइसं साफ करायची हौस आली तर आधी की उतरवून घ्या, मग काढा.

बायोस अपडेट यायचं असेल किंवा लॅपटॉप रिपेअरला द्यायचा असेल तर आधी ती डिसेबलवाली कमांड चालवा, काम झालं की इनेबल. मे महिन्यात दुपारी बायोस अपडेट लावायचा नाही, लाइट गेली आणि बॅटरी दहा मिनिटांची असेल तर बिटलॉकरपेक्षा मोठं लफडं होईल. आणि पुढं असे अपडेट येतच राहणार, कारण सिक्युअर बूटची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून एक्सपायर व्हायला लागतात, त्यामुळे कंपन्या बायोस आणि सर्टिफिकेटं बदलत राहतील. की हाताशी असेल तर काही फरक पडत नाही.

उबंटू टाकणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, इन्स्टॉलर बिटलॉकर चालू आहे म्हणून अडवते तेव्हा नेटवर पाहून पार्टिशनशी खेळू नका. विंडोजमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण उलगडू द्या, मग परत या.

ठेवायचं का काढून टाकायचं

लॅपटॉप बाहेर फिरत असेल, पुण्याच्या ट्रेननं, हॉस्टेलवर, क्लायंटकडं, तर ठेवा. चोरीला गेल्यावर एसएसडी, म्हणजे आतली डेटा साठवणारी डिस्क, काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी चोराला काही दिसत नाही, हा फायदा खरा आहे आणि तो मोठा आहे. मी स्वतः माझ्या फिरत्या लॅपटॉपवर ठेवलं आहे. आईबाबांच्या टेबलावरून कधी न हलणाऱ्या लॅपटॉपवर, जिथं पासवर्डच कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला आहे, तिथं मला त्याचा फारसा उपयोग दिसत नाही, तिथं बंद करून टाका आणि बॅकअप नीट ठेवा. उलट मत असणारे आहेत, असू द्या.

बंद करायला सेटिंग्जमधल्या त्याच डिव्हाइस एन्क्रिप्शनचं बटन ऑफ करा. एसएसडी असेल तर जेवण होईपर्यंत होऊन जाते, जुनी हार्ड डिस्क असेल तर रात्रभर चालू ठेवावं लागेल. चार्जर लावून ठेवा. मध्ये लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, तरी परत चालू केल्यावर जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होते. किती झालं ते स्टेटसच्या कमांडनं पाहता येते, टक्के शून्यावर आले की झालं. मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढून लोकल केल्यानं एन्क्रिप्शन निघते हा गैरसमज आहे, कुलूप तसंच राहते, फक्त तुम्ही चावीपासून दूर जाता.

की नाहीच मिळाली तर

सगळे नंबर, सगळे ईमेल, दुकान, कॉलेज, जावई, सगळं झालं आणि आयडी कुठंच जुळली नाही, तर त्या ड्राइव्हवरचा डेटा गेला असं धरा. एसएसडी काढून दुसरीकडं लावून, लिनक्सनं उघडून, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून काही होत नाही, लिनक्सही की असेल तरच उघडते. पण ड्राइव्ह उघडत नाही म्हणजे फोटो कुठंच नाहीत असं नव्हे. वनड्राइव्ह डॉट कॉम वर सगळ्या अकाउंटनं आत जाऊन पाहा, सेटअप करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप बहुतेक वेळा आपोआप लागलेला असतो, आणि जागा फक्त ५ जीबी असली तरी कागदपत्रं त्यात सापडतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइली, सीएकडं पाठवलेला टॅलीचा बॅकअप, जीमेलच्या सेंटमधले अटॅचमेंट, गूगल फोटोज, यातून बरंच परत गोळा होते.

डेटा फार मोलाचा असेल तर जुनी एसएसडी तशीच काढून ठेवा, पाकिटावर की आयडी लिहा, आणि लॅपटॉपला नवी एसएसडी टाकून घ्या, थोडे पैसे वाचवायला जुन्यावरच फॉरमॅट मारू नका, सहा महिन्यांनी जुनं सिम सापडलं आणि अकाउंट उघडलं असं होऊ शकते. तसं काही मोलाचं नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करून जुनी पार्टिशन डिलीट करा आणि नव्यानं विंडोज टाका. लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असते, त्याच एडिशनची विंडोज टाकली की नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते, त्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका. आणि सेटअप संपल्या संपल्या सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहा, कारण ते बहुतेक परत लागलेलं असेल, आणि या वेळी अकाउंट कोणाचं टाकलं ते बिलाच्या मागं लिहून ठेवा.